एक ठोका थांबा, दोन ठोके पुढे

३, शनिवार

लॅपटॉप आला. भाच्याचा जुना. भाचा म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. जहाजावर असतो, रविवारी फोन करतो. मागच्या रविवारी म्हणाला होता, "काका, मशीन म्हातारं आहे, पण कुरकुर करत नाही. जड सिस्टिम झेपेना म्हणून हलकी टाकलीय." मी म्हटलं, मग आमच्या घरात खपून जाईल.

कशासाठी हवाय तेही लिहून ठेवतो, कारण हल्ली खोलीत कशाला आलो तेच आठवत नाही. झटका आल्यापासून हिचा उजवा हात आणि उजवा पाय सुस्त आहेत, आणि बोलणं गेलंय. कळतं सगळं. माझ्यापेक्षा जास्तच कळतं. पण तोंडातून शब्द निघत नाही. इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या मॅडम म्हणाल्या, हेच महिने मोलाचे, आता जेवढी जीभ वळेल तेवढी वळेल. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हिला उतरवणं होत नाही. म्हणून दर गुरुवारी मॅडम पडद्यावर भेटणार. माझा फोन बटणांचा, त्यात कोणी दिसत नाही.

इंटरनेटची पेटी खाली टेलरमास्तरांच्या दुकानात आहे. मास्तर म्हणाले, "वापरा की बिनधास्त. वहिनी बोलायला लागल्या तर ब्लाउजांची उधारी नाही फिटली, तर शिव्या तरी खाईन." वायर जिन्यातून वर घ्यायला घरमालक नको म्हणतो, लोक अडखळतील. मग हवेतून घ्यायचं. त्याला वायरलेस म्हणतात.

मॅडमचा पहिला तास इस्पितळातच झाला होता. त्यांनी मांजराचं चित्र हिच्या नाकासमोर धरलं आणि लाडात विचारलं, "हे काऽय आहे?" हिनं चित्राकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मॅडम म्हणाल्या, थकल्यात. असेल.

४, रविवार

मला वाटलं होतं, कुठल्यातरी चित्रावर टिचकी मारली की होईल. कसलं काय. भाचा म्हणतो, यातलं वायरलेस कार्ड जुनं आहे, सिस्टिम त्याला आपणहून उठवत नाही. काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करून त्याला उठवायचं, मग पेट्या हुडकायला लावायच्या, मग मास्तरांच्या पेटीचा पासवर्ड द्यायचा, मग तिच्याकडून पत्ता मागून घ्यायचा. एवढी मनधरणी मी आमच्या लग्नातही केली नव्हती.

"काका, मशीनच्या डाव्या कडेला सरकतं बटण आहे बघा. नारंगी ठिपका दिसला तर वायरलेस बंद."

नारंगी दिसत होता. सरकवलं. ठिपका गेला. ही पलंगावरून पाहत होती.

मग त्यानं कमांडी सांगितल्या आणि मी कागदावर उतरवल्या. अक्षर, जागा, आडवी रेघ, शून्य. माझं अक्षर सुवाच्य आहे, तेवढंच आपल्या हातात.

५, सोमवार

सकाळभर एकट्यानं झटापट केली. कागद पाहावा तर पडदा चुकतो, पडदा पाहावा तर कागदावरची ओळ हरवते. जन्मभर प्रुफं तपासलेल्या माणसाला पाच ओळी धड उतरवता येईनात. वैतागून कागद पलंगावर टाकला तर हिनं डाव्या हातानं तो माझ्याकडे सरकवला आणि उशालगतची पेन्सिल उचलून पलंगाच्या फळीवर ठोकली. एकदा. थांबली. मग दोनदा.

मला क्षणभर कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

छापखान्यात आमची जोडी होती. ही मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, नवा परिच्छेद, सगळं बोलून. आणि मी समोरच्या प्रुफावर डोळा ठेवायचो. यंत्रांची धडधड इतकी, की ओरडून उपयोग नाही. चूक सापडली की मी टेबलावर पेन्सिलचा एक ठोका द्यायचो, म्हणजे थांबा. दुरुस्ती झाली की दोन ठोके, म्हणजे पुढे. कायद्याची पुस्तकं, औषधांच्या किमती, गाड्यांची वेळापत्रकं, सगळं असंच वाचलं. लग्नाचं विचारलं तेव्हाही मी एकच ठोका दिला होता, ती वाचायची थांबली आणि मी विचारलं. तिनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि दोन ठोके दिले.

आता उलट. पलंगावरच्या छोट्या टेबलावर मशीन, मी तिच्या उजवीकडे बसून मोठ्यानं म्हणत टाइप करतो, तिचा डोळा पडद्यावर. माझ्या सहा चुका काढल्या. कार्ड मात्र उठलं नाही.

८, गुरुवार

पहिला गुरुवार वाया. मॅडमना फोन करून सांगितलं, जमलं नाही. "काही हरकत नाही, पुढच्या वेळी," असं अशा आवाजात म्हणाल्या की हरकत आहे हे कळलं.

रोज दुपारी बसतो आहोत. हिला कंटाळा येत नाही, हे नवल. मी म्हणतो, "आयपी, जागा, लिंक, जागा, सेट," आणि ही ताठ बसून पाहते. मालिश करताना, औषध देताना कपाळावर आठ्या असतात, इथं नसतात. आणि जपते तरी किती! मशीन घसरू नये म्हणून डाव्या हातानं कड धरून ठेवते. चूक दिसली तरच हात सोडून ठोका देते, परत धरते.

कंबर धरलीय. कपडे भिजवलेत ते तसेच आहेत. उद्या पाहू.

११, रविवार

भाच्यानं अर्धा तास डोकं खाल्लं. कार्डाची कंपनी कुठली, अमुक फाइल आहे का, तमुक ओळ दिसते का.

"बटण चालू आहे ना, काका?"

"अरे, मी स्वतः सरकवलंय. तुझ्यासमोर."

"माझ्यासमोर कसं, मी समुद्रात आहे."

मी म्हटलं, तुझ्या कानासमोर. तो हसला, मला हसू आलं नाही. नवी फाइल पाठवतो म्हणाला, पण ती येणार कशातून? इंटरनेटातून. इंटरनेट मिळवायला जी फाइल हवी ती इंटरनेटातून येणार. हे ज्यानं ठरवलं त्याला आमच्या छापखान्यातल्या मॅनेजरच्या हाताखाली ठेवायला हवं होतं.

१३, मंगळवार

आज लागलं होतं!

दुपारी ही झोपलेली, म्हणून मशीन स्वयंपाकघरात नेलं. कडेचं बटण पाहिलं तर नारंगी. म्हटलं, उचलताना माझाच अंगठा लागला असेल, सरकवलं. कमांडी टाकल्या. पडद्यावर भराभर पेट्यांची नावं आली, त्यात मास्तरांच्या दुकानाचं. पत्ता मिळाला. मी एकटाच ओट्यापाशी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

मग हिला उठवलं, पाठीशी उशा लावल्या, केस नीट केले, मशीन समोर ठेवलं. "बघ, मॅडमना आत्ताच फोन करतो, गुरुवारची वाट कशाला पाहायची?" चष्मा आणायला आत गेलो आणि परत आलो तोवर मेलेलं. सगळ्या कमांडी पुन्हा टाकल्या. काही नाही. ही माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तिलाही वाईट वाटलं असणार, बिचारीला.

माझा अंदाज, पलंगाच्या कोपऱ्यात हवेतलं पोचत नाही. पण मास्तर वर आले, भिंतींवर हात फिरवून म्हणाले, "काहीतरीच काय? माझी पेटी बरोबर तुमच्या पलंगाखाली येते."

१४, बुधवार

खिडकीतून पडद्यावर ऊन पडतं म्हणून आज हिच्या डाव्या बाजूला बसलो. अडचण झाली, कारण कड धरलेला तिचा हात आणि माझं कोपर एकमेकांत अडकत होते, पण तिनं काही हात सोडला नाही. मी म्हटलं, "अगं, धरतो मी." नाही. धरूनच बसली.

शेवटून दुसऱ्या ओळीत मी शून्याच्या जागी ओ टाकला. ही थांबा म्हणाली, मी पाहिलं, खोडलं, शून्य टाकलं. तरी कार्ड ढिम्म.

डोळे जळजळतात. दिवसामागून दिवस चाललेत आणि हिच्या तोंडून अजून एक अक्षर नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, घरात भरपूर बोला. मी दिवसभर बोलतो ते काय, डब्ल्यू एल ए एन शून्य. याला का बोलणं म्हणायचं?

१५, गुरुवार

दुसरा गुरुवारही गेला. मॅडम आज स्पष्ट बोलल्या. "काका, माझ्याकडे रांग आहे. पुढच्या गुरुवारी झालं नाही तर हा तास मला दुसऱ्यांना द्यावा लागेल. मग तुमचा नंबर परत कधी लागेल, मी सांगू शकत नाही." त्यांचं काही चुकलं नाही.

हिला सांगितलं. हिनं डोळे मिटून घेतले.

खरं लिहायचं तर मी थकलोय. तिला उचलून थकलो नाही, भरवून थकलो नाही. या घरातल्या गप्प बसण्याला थकलोय. चाळीस वर्षं हिचा आवाज कानावर होता, कंस सुरू, कंस पूर्ण. भाजी आणायला सांगतानासुद्धा ही मधे स्वल्पविराम घ्यायची. आज बेसिनपाशी उभा होतो आणि मागून "अहो" ऐकू आल्यासारखं झालं. वळलो. कोणी नव्हतं, नळ गळत होता. रडलो थोडा. मग वॉशर बदलला.

१८, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर राहील.

भाच्याचा फोन आला. फोनची बॅटरी बसली होती आणि चार्जरची वायर डावीकडेच पोचते, म्हणून पुन्हा हिच्या डाव्या हाताला बसलो. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला, त्याला म्हटलं, तू सांग, मी म्हणत टाइप करतो. हिचा हात कडेवर, नेहमीसारखा. पेन्सिल चादरीवर पडलेली.

तो म्हणाला, "आयपी, लिंक, सेट, मग कार्डाचं नाव."

मी म्हणत गेलो. आयपी, जागा, लिंक, जागा, सेट, जागा, डब्ल्यू एल ए एन.

"थांबा."

पाहिलं. परत ओ टाकला होता. खोडला. शून्य टाकलं आणि म्हटलं, "हं, झालं. पुढची ओळ सांग रे."

फोनमधून काहीच येईना. मला वाटलं, कट झाला.

"हॅलो? आहेस का?"

"काका," तो म्हणाला, "आत्ता थांबा कोण म्हणालं?"

"कोण म्हणणार? ही म्हणाली. माझं चुकलं होतं."

असं मी अगदी वैतागून म्हणालो. आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे पाहत होती, मी धडा न केलेला विद्यार्थी असल्यासारखी. फोनमध्ये भाचा "मावशी! मावशी!" करून ओरडत होता, त्याच्या मागे कोणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं हात मशीनच्या कडेवरून हलवला नाही.

तेवढ्यात भाचा नाक ओढत म्हणाला, "काका, थांबा, आता हे मशीन लावूनच टाकू. आर एफ के आय एल एल, जागा, एल आय एस टी. काय येतंय ते वाचा."

मी वाचलं. "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस."

"हार्ड म्हणजे हातानं बंद केलेलं आहे. ते कमांडनं सुटत नाही. बटण बघा."

मी बटण पाहायला वाकलो. तिथं हिचा अंगठा होता. मी म्हटलं, "अगं, जरा सोड." सोडेना. एकेक बोट उचललं, शेवटी अंगठा. खाली नारंगी ठिपका.

आधी मला वाटलं, चुकून दाबला गेला असेल. पण तिनं मान वळवली नाही, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. तेव्हा कळलं. मंगळवारचं कळलं. सगळे दिवस कळले. राग आला, लपवत नाही. मी म्हटलं, "दोन आठवडे! माझी कंबर मोडली, आणि तू? त्या बाई तुझ्या भल्यासाठीच..."

तिचा चेहरा लाल झाला. ओठ एका बाजूनं ओढले गेले, जीभ आतल्या आत चाचपडली. पलंगाची फळी धरून तिनं जोर लावला आणि म्हणाली,

"मां-जर."

आणि डावा हात असा झटकला की औषधाची बाटली आडवी झाली.

मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू. कायद्याची पोथी एका दमात वाचणाऱ्या बाईला मांजर ओळखायला लावलं होतं आपण. म्हणून बंद तीच करत होती. आणि बंद केलेल्या मशीनवर मी टाइप करत असलेल्या चुकाही तीच काढत होती, कारण चूक दिसली आणि सोडून दिली असं तिच्या हातून कधी झालेलंच नाही.

मग मी मागच्या बुधवारचं लिहिलेलं काढून वाचलं. ही थांबा म्हणाली, असं माझ्या स्वतःच्या अक्षरात आहे. मी म्हणे प्रुफं तपासायचो.

१९, सोमवार

मॅडमना फोन केला. काहीच लपवलं नाही, बटणाचंही. मला वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, "त्या काय वाचायच्या?"

"सगळं. समोर येईल ते."

"आणि थांबा हा शब्द आला कसा?"

"चुकलो तेव्हा आला. मी तिच्या डावीकडे होतो, कडेवरचा हात सोडला असता तर ठिपका मला दिसला असता, म्हणून पेन्सिल धरायला हात मोकळा नव्हता."

"मग गुरुवारी चित्रं नकोत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाचा. त्यांना पेन्सिल देऊ नका. मी नुसती बसते." आणि फोन ठेवण्याआधी, "मांजराबद्दल त्यांना सॉरी सांगा."

हिला सांगितलं. हिनं ऐकून घेतलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बटणाला मी हात लावला नाही. मशीन टेबलावर ठेवलं आणि ठिपका तिच्या बाजूला राहील असं केलं. आता तिचं ती पाहील. तिला नको असेल तर नको. मी टेलरमास्तरांनाही तसं सांगून आलो. मास्तर म्हणाले, "शिव्या देणार नाहीत का मग?"

आज एवढंच लिहितो. झोप काढतो.

२२, गुरुवार

तासाची वेळ झाली. हिचे केस विंचरले, शाल नीट केली, मशीन उघडलं. मी तिच्या उजवीकडे बसलो आणि मुद्दाम खिडकीकडे पाहत राहिलो. बाहेर कोणीतरी गाडी पुसत होतं. ती गाडी पुसून झाली तरी काही होईना. मनात म्हटलं, ठीक आहे.

कडेला टक् झालं.

मी वळून पाहिलं नाही. कमांडी टाकल्या, एकही चूक झाली नाही. मास्तरांच्या पेटीनं पत्ता दिला. मॅडम दिसल्या. कसलाही लाड न करता म्हणाल्या, "नमस्कार. चालू द्या तुमचं. मी ऐकतेय."

वाचायला मी जुन्या वेळापत्रकाचं पान काढून ठेवलं होतं. गडबडीत हाताला भलताच कागद आला, माझा कमांडींचा. बदलायला उठलो असतो तर सगळंच विस्कटलं असतं, म्हणून तोच वाचायला लागलो. आयपी, जागा, लिंक, जागा, सेट, जागा. चष्म्यावर पाणी आलं होतं. डब्ल्यू, एल, ए, एन, ओ.

शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही.

"थांबा."

मी थांबलो. मॅडम थांबल्या. हिचा डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता, पेन्सिल तिथं नव्हती. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी तिचं वाक्य पूर्ण करत नाही, छापखान्यात कधी केलं नाही. तिथं बसून वाट पाहिली.

"शू," ती म्हणाली. "शू-न्य."

"शून्य," मी दुरुस्त केलं आणि पुढचं वाचलं.